वही, दुर्बीण आणि पाखरांचा माग : डॉ. सलीम अली



सहलीला निघताना आपण काय काय बरोबर घेतो? खाऊचा डबा, पाण्याची बाटली, टोपी आणि फोटो काढायला कॅमेरा किंवा मोबाइल. आज ज्यांचे चरित्र आपण वाचणार आहोत, त्यांच्या सामानात दोन वस्तू नेहमी असत, एक दुर्बीण आणि एक वही. ब्रह्मदेशातली वर्षावने, त्रावणकोर-कोचीनचे ओले डोंगर, जर्मनीजवळच्या समुद्रातले हेल्गोलँड बेट आणि आपल्या गुजरातमधील कच्छच्या रणातली बेटे, इतक्या दूरदूरच्या ठिकाणी ते पाखरांच्या मागे हिंडले. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, त्यातला शेवटचा दिवस त्यांच्या स्मरणार्थ आहे.

हे चरित्र वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्यांना सारे जग पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ओळखते, त्यांनी महाविद्यालयाची पदवी कधीच मिळवली नव्हती. नावामागचे ‘डॉक्टर’ पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिले. अलीगढ विद्यापीठाने १९५८ मध्ये आणि दिल्ली विद्यापीठाने १९७३ मध्ये त्यांना मानद पदवी दिली, तेव्हा त्यांची साठी उलटली होती.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन वारले आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा गेल्या. या पोरक्या मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीतल्या घरी नेले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. बहिणीची सगळी मुले त्यांनी पोटच्या मुलांसारखी वाढवली.

या तय्यबजी घराण्याचा आपल्या बडोद्याशी जवळचा संबंध आहे. याच घराण्यातले अब्बास तय्यबजी बडोदा संस्थानच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९३० साली गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व या वयोवृद्ध माणसाकडे आले आणि त्यांनी आनंदाने तुरुंगवास पत्करला. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याचा न्यायाधीश आणि भारताचा पक्षिमित्र एकाच घराण्यातले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

छोट्या सलीमला मामांनी एक छर्‍यांची खेळण्यातली बंदूक दिली होती. त्या काळी शिकार हा प्रतिष्ठित घरांतला छंद मानला जाई आणि सलीमलाही थोर शिकारी व्हायचे होते. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! रोजच्या चिमणीला असा डाग नसतो. त्याने ती मामांना दाखवली. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते, पण तो पक्षी त्यांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला संस्थेत पाठवले.

१८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव तेव्हा मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. एवढासा मुलगा, हातात कागदात गुंडाळलेली चिमणी. साहेब त्याला वाटेला लावू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. ती पीतकंठी रानचिमणी आहे हे त्यांनी ओळखून दिले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याची कातडी सोलून ती कशी टिकवतात हे शिकण्याची सोयही करून दिली. एका मोठ्या माणसाने एका मुलाच्या प्रश्नासाठी थोडा वेळ काढला, त्यातून पुढे सबंध देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी चरित्रातला हा प्रसंग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अभ्यासात मात्र सलीमची प्रगती बेताचीच होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने त्याला इतके छळले की हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावे लागले. शाळेत खंड पडत गेला. १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी गणिताच्या आकड्यांनी घाबरवले आणि त्याने शिक्षण सोडले.

मग घरच्यांनी त्याला ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, तवॉय भागात पाठवले. तिथे भावाचा वूल्फ्रॅम या खनिजाचा धंदा होता. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत पोलाद कठीण करण्यासाठी या खनिजाला मोठी मागणी होती. धंद्याच्या चारी बाजूंना उष्ण कटिबंधातले वर्षावन पसरलेले होते. वर्षावन म्हणजे वर्षभर हिरवे राहणारे, भरपूर पावसाचे अरण्य. झाडे इतकी उंच आणि दाट की दुपारीही जमिनीवर सावलीच. पक्षी दिसण्याआधी त्यांचा आवाज ऐकू येतो, आणि आवाजाच्या दिशेने मान वर करून कितीतरी वेळ उभे राहावे लागते. सलीमचे लक्ष हिशेबाच्या वह्यांपेक्षा या जंगलात अधिक रमले. वनखात्यातल्या जाणकार अधिकार्‍यांशी ओळख झाली आणि पाहिलेले टिपून ठेवण्याची सवय लागली.

१९१७ मध्ये ते मुंबईला परतले. दिवसा व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण आणि त्याबरोबर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचा अभ्यास, अशी दुहेरी कसरत त्यांनी केली. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेहमिना सुखवस्तू घरातल्या, वाचनाची आवड असलेल्या. लग्नानंतर दोघे पुन्हा ब्रह्मदेशात गेले, पण धंदा बुडाला आणि काही वर्षांनी रिकाम्या हातांनी परत यावे लागले.

आता पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. सरकारी प्राणिसर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, पण पदवी नसल्यामुळे ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्राण्यांच्या दालनात पाहुण्यांना आणि विद्यार्थ्यांना माहिती सांगण्याचे काम मिळाले. कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहून आपण थक्क होतो. तसाच थक्क झालेल्या मुलांना समजावून सांगायचे, हे त्यांचे काम. पण स्वतःला अजून पुरेसे शास्त्र येत नाही, ही टोचणी त्यांना होती. म्हणून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. याच मुक्कामात त्यांनी हेल्गोलँड बेटावरचे पक्षिनिरीक्षण केंद्र पाहिले. समुद्र ओलांडून जाणारे थकलेले पक्षी या बेटावर उतरत. त्यांना अलगद पकडून पायात नंबर असलेले हलके कडे घालत आणि सोडून देत. ते कडे दुसर्‍या देशात कुणाला सापडले की पक्ष्याचा प्रवास कळे. पुढे भारतात याच पद्धतीने हजारो पक्ष्यांना कडी घालण्याचे काम सलीम अलींनी उभे केले.

१९३० मध्ये ते परत आले आणि त्यांना कळले की पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झाली आहे. वय चौतीस, पदवी नाही, नोकरी नाही, धंद्यात अपयश. लोकांनी त्या वेळी त्यांच्याकडे काय म्हणून पाहिले असेल, याची कल्पना करा.

मुंबईत राहणे परवडेना म्हणून सलीम आणि तेहमिना अलिबागजवळ किहीमला घरच्यांच्या बंगलीत राहायला गेले. समोर समुद्र, भोवती माडांची वाडी. जवळच एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाताशी वेळच वेळ होता, तेव्हा ते शिडी लावून रोज तिथे बसू लागले आणि कोणता पक्षी कधी काय करतो ते लिहू लागले. सुगरणीचा खोपा बहिणाबाईंच्या गाण्यामुळे आपल्या घराघरांत पोहोचला आहे. आपल्या मनात ती घर बांधणारी आईच असते. सलीम अलींच्या वहीतून वेगळीच हकिकत बाहेर आली. खोपा विणतो तो नर. तो अर्धा झाला की माद्या येऊन आतून-बाहेरून पारखतात. एखादीला पसंत पडला की ती तिथे राहते आणि नर तो पुरा करून देतो. एवढे झाले की हा गडी शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसर्‍या मादीची वाट पाहतो. सुगरणीच्या संसाराची ही रीत त्यांनी पायरी-पायरीने उलगडून दाखवली. त्यांच्या या लेखाने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. बेकारीच्या दिवसांतल्या एका झाडाखाली बसून त्यांनी हे काम केले होते.

त्यानंतर त्यांना एक युक्ती सुचली. देशात अनेक संस्थाने होती आणि त्यांच्या जंगलांतल्या पक्ष्यांची नीट नोंद कुणी केली नव्हती. त्यांनी संस्थानांना कळवले की मला पगार नको, फक्त तंबू, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबादने होकार दिला. पाठोपाठ १९३३ मध्ये त्रावणकोर आणि कोचीन या आजच्या केरळातल्या संस्थानांची पाहणी सुरू झाली.

या प्रवासांत तेहमिना बरोबर असत. छावणीची सारी व्यवस्था त्यांच्याकडे होती. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचे हे डोंगर म्हणजे भारतातली अस्सल वर्षावने. पायांना जळवा चिकटतात, कपडे वाळत नाहीत, कागद दमट होतात आणि उंच शेंड्यांवरचा पक्षी दुर्बिणीतही नीट दिसत नाही. मरयूरपासून पेरियार नदीकाठच्या तट्टेकाडपर्यंत एकेका मुक्कामी राहून त्यांनी नोंदी केल्या. पक्षी कोणता, किती उंचीवर, कोणत्या झाडावर, काय खात होता, घरटी कोणत्या महिन्यात, असे सारे वहीत उतरले. पेरियारकाठचे ते जंगल पक्ष्यांच्या दृष्टीने दक्षिण भारतातले अत्यंत समृद्ध असल्याचे त्यांचे मत झाले. पुढे १९८३ मध्ये तट्टेकाडला पक्षी अभयारण्य झाले.

इथे त्यांना एक कोडे दिसले. मोठा धनेश पक्षी केरळच्या ओल्या जंगलात राहतो आणि थेट दोन हजार किलोमीटरांवरच्या पूर्व हिमालयातही राहतो. मधल्या कोरड्या मुलखात मात्र तो नाही. असे आणखीही काही पक्षी आहेत. म्हणजे ही वर्षावने कोरड्या जमिनीच्या समुद्रात उरलेली बेटेच म्हणायची. समुद्रातले बेट बुडाले तर तिथल्या पाखराला दुसरीकडे जागा नसते. तसेच या हिरव्या बेटांचे आहे. जंगल तुटले तर धनेशाने जायचे कुठे? आणि धनेश गेला तर जंगलाचेही नुकसान आहे, कारण फळे खाऊन बिया दूरवर टाकण्याचे काम तोच करतो.

मित्रांनो, एक गोष्ट लपवायला नको. त्या काळी पाहणी म्हणजे बंदूकही आलीच. नेमका पक्षी ओळखण्यासाठी नमुने मारून, त्यांची कातडी टिकवून, मापे लिहून ठेवावी लागत. सलीम अलींनीही तसे पुष्कळ नमुने गोळा केले, आणि ते त्यांनी कधी नाकारले नाही. पण जो पक्षी मारायचा तो वाया जाऊ द्यायचा नाही आणि उगाच एकही मारायचा नाही, हा नेम त्यांनी ठेवला. ज्याने एकेकाळी थोर शिकारी व्हायचे ठरवले होते, तोच माणूस पुढे पाखरांच्या वतीने सरकारदरबारी उभा राहिला.

१९३९ मध्ये त्यांच्यावर मोठा आघात झाला. एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना अचानक वारल्या. वीस वर्षांची जंगलातली सोबत तुटली. सलीम अली खचून गेले. बहीण कमू आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. हळूहळू कामाला लागले आणि १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे रंगीत चित्रांचे पुस्तक आले. पक्षी ओळखायला शास्त्रज्ञच असायला हवे असे नाही, हे या पुस्तकाने सामान्य माणसाला पटवले. आजवर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत.

यानंतर ते आपल्या गुजरातकडे वळले. कच्छचे महाराव विजयराजजी यांच्या आश्रयाने त्यांनी तिथल्या पक्ष्यांची पाहणी केली. कच्छचे मोठे रण पावसाळ्यात उथळ खार्‍या पाण्याने भरते आणि त्यात पच्छम, खडीर, बेला अशी उंच जमिनीची बेटे उरतात. धोळावीराचे प्राचीन नगर याच खडीर बेटावर आहे. या निर्मनुष्य पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, घरटी करतात. कच्छी लोक त्यांना हंज म्हणतात. चिखलाचे छोटे-छोटे ढीग रचून, त्यांच्या माथ्यावरच्या खळग्यात मादी अंडे घालते. खारट चिखलातून, पाणी आणि उंट यांची जुळवाजुळव करून सलीम अली तिथे पोहोचले, तेव्हा नजर जाईल तिथवर हे ढीग होते आणि पक्ष्यांची संख्या लाखांच्या घरात होती. १९४५ मध्ये त्यांचे कच्छच्या पक्ष्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. उर्वरित गुजरातच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली नोंद १९५४-५५ मध्ये छापली गेली. म्हणजे आपण रोज जे पक्षी पाहतो त्यांचीही हजेरी त्यांच्या वहीत लागलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर त्यांचे काम दुप्पट झाले. भरतपूरच्या तलावावर १९३८ मध्ये एका दिवसाच्या शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले होते. ते ठिकाण पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यासाठी त्यांनी जिवापाड खटपट केली. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या वर्षावनात धरण होणार होते, तेव्हा त्याला विरोध करणार्‍यांत वयाची ऐंशी पार केलेले सलीम अली होते. १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.

त्यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले असे नाही. भरतपूरला म्हशींच्या चराईमुळे पक्ष्यांचे नुकसान होते असे त्यांना वाटे. १९८२ मध्ये तिथे चराई बंद झाली. गावकर्‍यांशी संघर्ष झाला, त्यात माणसे दगावली. नंतर गवत इतके माजले की पाणीच झाकले गेले. म्हशींचे चरणे उपयोगाचे होते, हे पुढे त्यांच्याच संस्थेच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले. निरीक्षणातून निघालेले उत्तर आपल्या मताविरुद्ध असले तरी ते छापायचे, ही शिस्त त्या संस्थेत होती.

अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. पहिला खंड १९६८ मध्ये आला तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते आणि दहावा १९७४ मध्ये. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेची नियुक्ती असे सन्मान मिळाले. मोठ्या रकमेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तेव्हा ती रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिली. १९८५ मध्येच आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती लहानपणची चिमणी ठेवली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचे खारफुटीचे पक्षी अभयारण्य आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्यांच्या वह्यांचे मोल पुढच्या काळात अधिकच कळले. सुमारे पाऊण शतकानंतर केरळातले पक्षिमित्र त्यांच्या त्रावणकोरच्या वाटेने पुन्हा हिंडले. कोणते पक्षी टिकले, कोणते कमी झाले, हे ताडून पाहता आले, कारण १९३३ ची नोंद हाताशी होती. नोंद नसती तर काय हरवले हेच कळले नसते.

मित्रांनो, वर्षावन आणि सागरी बेटे आपल्या कोयलीपासून दूर आहेत. पण पावसाळा सुरू झाला की विहिरीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या बाभळींवर सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. डभोईजवळचा वढवाणा तलाव गायकवाड सरकारने शेतीच्या पाण्यासाठी बांधला. हिवाळ्यात तिथे हजारो किलोमीटरांवरून बदके आणि हंस येतात, आणि २०२१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली आहे. खोप्याला हात न लावता, लांब बसून, अर्धे खोपे किती आणि पुरे किती एवढे जरी दर रविवारी लिहिलेत, तरी दिवाळीपर्यंत तुमच्याजवळ तुमची स्वतःची वही तयार होईल.

पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या गुणपत्रिकेत एखाद्या विषयाचे गुण कमी दिसले, तर त्याची वहीही एकदा उघडून पाहा. आणि शाळेच्या विश्वस्त मंडळाला नम्र सूचना अशी की वाचनालयात पक्ष्यांचे एक सचित्र पुस्तक आणि दोन साध्या दुर्बिणी ठेवाव्यात. उद्या एखादे मूल अनोळखी पाखराचे पीस घेऊन आपल्या दारात येईल, तेव्हा त्याला दाखवायला आपल्याजवळ काहीतरी असले पाहिजे.